सोमल सोसणं आणि सोमलावर जगणं

सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पिवळ्याऐवजी तपकिरी साका आला आणि वहीत नोंद झाली, ‘हा जिवाणू आर्सेनाइटवर जगतो.’ या एका वाक्यात तीन उड्या मारलेल्या असतात. रंग आला तो आर्सेनेटमुळेच, आर्सेनेट झालं ते जिवाणूमुळेच आणि जिवाणूने ते केलं ते ऊर्जेसाठीच. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात, आणि तिसरी पुष्कळदा टिकत नाही. आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू बरेच आहेत. त्यावर पोट भरणारे त्यामानाने थोडे.

आधी रसायनाचं बघू. मराठीत सोमल म्हणतात ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ते पाण्यात विरघळलं की आर्सेनिअस आम्ल होतं, म्हणजे तीन संयुजेचं आर्सेनिक. यालाच आर्सेनाइट म्हणतात. त्याचा पहिला पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे अर्धे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ९.२ च्या आसपास असल्यामुळे पीएच ७ ला त्यावर विद्युतभार जवळजवळ नसतोच. पाच संयुजेचं आर्सेनेट मात्र फॉस्फेटचा जुळा भाऊ. त्याचा दुसरा पीकेए जवळपास ७, म्हणून उदासीन पाण्यात ते अर्धं एक ऋणभाराचं आणि अर्धं दोन ऋणभारांचं असतं. भाराचा हा फरक लक्षात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. बिनभाराचं आर्सेनाइट ग्लिसरॉलच्या वाटेने पेशीत शिरतं, ॲल्युमिनावर नीट चिकटत नाही आणि ऋणायन अडवणाऱ्या स्तंभातून सरळ वाहून जातं. आर्सेनेट अडकतं. पाण्यातून आर्सेनिक काढायचं असेल तर आधी त्याचं आर्सेनेट करा, असं म्हणतात ते यासाठीच.

आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूचं पहिलं वर्णन १९१८ चं, दक्षिण आफ्रिकेतलं. गोचिडांसाठी गुरांना आर्सेनाइटच्या द्रावणात बुचकळायचे, त्या हौदांतलं आर्सेनाइट आपोआप कमी होई. नंतर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या तशाच हौदांतून आणखी जिवाणू मिळाले. हे ऑक्सिडीकरण करत, पण खायला त्यांना सेंद्रिय कार्बन लागे. फक्त आर्सेनाइट, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जोमाने वाढणारा आणि नीट अभ्यासलेला जिवाणू म्हणजे एनटी-२६. तो ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधल्या सोन्याच्या खाणीतून आला आणि २००० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आर्सेनाइटवर त्याचा दुपटीचा काळ ७.६ तास. दगडाधोंड्यातल्या रसायनावर जगणाऱ्यासाठी हा वेग चांगलाच म्हणायचा.

एन्झाइमची रचना

हे ऑक्सिडीकरण करणाऱ्या एन्झाइमचं नाव आर्सेनाइट ऑक्सिडेझ, थोडक्यात एआयओ. त्याचे दोन उपघटक असतात. मोठा एआयओ-ए, सुमारे ९० किलोडाल्टन (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक). लहान एआयओ-बी, १४-१५ किलोडाल्टन. मोठ्यात मॉलिब्डेनम बसलेलं असतं, त्याला दोन्ही बाजूंनी मॉलिब्डॉप्टेरिनचे दोन रेणू धरून ठेवतात. त्याच उपघटकात तीन लोह आणि चार गंधक अणूंचा पुंजका. लहान उपघटकात दोन लोह, दोन गंधकांचा, रिस्के नावाने ओळखला जाणारा पुंजका. अल्कॅलिजिनीस फीकॅलिस या जिवाणूतलं एन्झाइम १९९२ मध्ये शुद्ध झालं आणि २००१ मध्ये त्याची स्फटिकरचना १.६४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली.

त्या रचनेत एक गोष्ट खटकण्यासारखी होती. मॉलिब्डेनम एन्झाइमांच्या या कुळातल्या बहुतेकांत मॉलिब्डेनमला प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल पकडून असतं, सिस्टीन, सेरीन किंवा सेलेनोसिस्टीन. इथे तसं कोणीच नाही. धातू फक्त टेरिनच्या गंधकांनी आणि ऑक्सिजनने धरलेला. शिवाय नातेवाइकांत जिथे चार लोहांचा पुंजका असतो तिथे इथे तीनच, कारण चौथ्या लोहाला धरायला लागणाऱ्या सिस्टीनच्या जागी सेरीन आहे. जनुकक्रम हाताशी आला की मी आधी ही जागा बघतो. नुसत्या एकूण साम्यावरून ‘आर्सेनाइट ऑक्सिडेझ’ असं लेबल लावलेले बरेच क्रम प्रत्यक्षात याच कुळातले दुसरेच कोणीतरी असू शकतात.

काम असं चालतं. आर्सेनाइटवरची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी मॉलिब्डेनमवरच्या ऑक्सिजनवर चाल करते. ऑक्सिजन आर्सेनिककडे जातो, दोन इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमकडे येतात, सहा संयुजेचा मॉलिब्डेनम चारचा होतो आणि आर्सेनेट सुटतं. गेलेला ऑक्सिजन पाण्यातून भरून निघतो. म्हणजे आर्सेनेटला मिळालेला ऑक्सिजन हवेतला नसतो. हवेतल्या ऑक्सिजनचं काम साखळीच्या पार शेवटी, इलेक्ट्रॉन स्वीकारायचं. दोन इलेक्ट्रॉन मग एकेक करून तीन लोहांच्या पुंजक्याकडे, तिथून रिस्केकडे आणि तिथून एन्झाइमच्या बाहेर सायटोक्रोम सी किंवा ॲझुरिन या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनांकडे जातात.

सगळा कारभार पेरिप्लाझममध्ये, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत. तिथे पोचण्याचा पास फक्त लहान उपघटकाकडे असतो. टॅट मार्गाचा (घडी घातलेली प्रथिनं पटलापार नेणाऱ्या वाटेचा), जोडीने आर्जिनिन असलेला संकेत एआयओ-बीच्या टोकाला असतो. मोठा उपघटक मॉलिब्डेनमसकट घडी घालून तयार होतो आणि धाकट्याचा हात धरून पलीकडे जातो. म्हणून एकटा एआयओ-ए व्यक्त करून तो पेरिप्लाझममध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रॉनांचा हिशेब

आर्सेनाइटचं ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण झालं की प्रमाणित परिस्थितीत, पीएच ७ ला, मोलमागे सुमारे १२८ किलोज्यूल सुटतात. आकडा भरघोस वाटतो. अडचण अशी की हे इलेक्ट्रॉन साखळीत उशिरा चढतात. आर्सेनेट-आर्सेनाइट जोडीचं विभव +६० ते +१४० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात सांगितलं जातं आणि एआयओ ते थेट सायटोक्रोम सीच्या पातळीवर सोडतं. म्हणजे प्रोटॉन पंप करणारी पहिली ठिकाणं हुकली, हातात राहिलं फक्त शेवटचं ऑक्सिडेझ. साधा हिशेब केला तर रेणूमागे जेमतेम एक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं एक नाणं.

आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर करायला एनएडीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो, ज्याचं विभव −३२० मिलिव्होल्ट. आर्सेनाइटचे इलेक्ट्रॉन तिथे आपणहून जाणार नाहीत. ते चढावर ढकलावे लागतात, आणि ढकलायची ताकद येते ती प्रोटॉनच्या साठ्यातून, म्हणजे दुसऱ्या आर्सेनाइट रेणूंच्या जिवावर. त्यामुळे पुष्कळ आर्सेनाइट जळतं आणि थोड्याच पेशी तयार होतात. संवर्धन डोळ्यांना जवळजवळ स्वच्छ दिसतं. पाच मिलिमोलर आर्सेनाइट संपूर्ण गेलं तरी फ्लास्क गढूळ होईल या आशेवर बसू नका. गढूळपणा मोजण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पेशी मोजा.

याउलट, अल्कॅलिजिनीस किंवा सांडपाण्याच्या गाळातून मिळालेला हर्मिनिमोनास आर्सेनिकॉक्सिडन्स सेंद्रिय कार्बनवर जगतात आणि आर्सेनाइट पेशीच्या उंबरठ्यावरच आर्सेनेट करून टाकतात. आर्सेनाइट प्रथिनांच्या गंधकगटांना पकडतं, आर्सेनेट तसं पकडत नाही. हे सोसणं झालं. एन्झाइम तेच, सायटोक्रोमही तसंच, हेतू वेगळा. जनुक सापडलं म्हणून ‘कीमोलिथोट्रॉफ’, म्हणजे निरिंद्रिय रसायनावर जगणारा, म्हणायची घाई नको.

ऊर्जेचा पुरावा कसा मिळवायचा

माध्यमात सेंद्रिय काहीही नको, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ते शिरतंच. जीवनसत्त्वांचं मिश्रण अल्कोहोलात केलेलं असतं. लोहासाठी सायट्रेट घातलेलं असतं. ‘गुड’ मालिकेतला बफर म्हणून घातलेलं एचईपीईएस २० मिलिमोलर असतं आणि ते सेंद्रियच आहे. घन माध्यमात अगारच कार्बन पुरवतो. म्हणून द्रव माध्यम, कार्बनसाठी फक्त बायकार्बोनेट, ०.५ ग्रॅम लिटरला, म्हणजे सुमारे ६ मिलिमोलर. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, थोडं कॅल्शियम, सूक्ष्म धातू. सूक्ष्म धातूंत मॉलिब्डेट विसरू नका. १ मायक्रोमोलर पुरे होतं. ते नसेल तर एन्झाइमचं प्रथिन तयार होतं पण रिकामं. टंगस्टेट घालून मॉलिब्डेट काढून टाकणं ही उलट चाचणी म्हणून बरी: ऑक्सिडीकरण मंदावलं तर मॉलिब्डेनम एन्झाइमकडे बोट दाखवता येतं.

आर्सेनाइटचं साठा-द्रावण सोडियम मेटाआर्सेनाइटचं करावं. रेणुभार १२९.९, १०० मिलिलिटरमध्ये १.३० ग्रॅम घेतलं की १०० मिलिमोलर होतं. हे द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. तसंच ५ मिलिमोलरपर्यंत घातलं तर माध्यमाचा पीएच ९ च्या पुढे जातो आणि संवर्धन वाढलं नाही की दोष आर्सेनिकच्या विषारीपणावर जातो. आधी सौम्य आम्लाने ८ च्या आसपास आणा. सल्फ्युरिक वापरा, हायड्रोक्लोरिक नको. क्लोराइड पुढे सिल्व्हरच्या चाचणीत त्रास देतं. ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक करा, माध्यम ऑटोक्लेव्ह होऊन थंड झाल्यावरच घाला.

पीएच दुसऱ्या बाजूलाही घसरतो. उदासीन माध्यमात आर्सेनाइटच्या दोन रेणूंमागे तीन प्रोटॉन सुटतात. ५ मिलिमोलर संपलं की ७.५ मिलिमोलर आम्ल. सहा मिलिमोलर बायकार्बोनेट ते पेलू शकत नाही. पीएच सहाकडे घसरतो आणि वाढ मध्येच थांबते. अशा वेळी ‘आर्सेनेट साठलं म्हणून थांबलं’ असा निष्कर्ष काढण्याआधी पीएचची पट्टी बुडवून बघा. सुरुवात पीएच ८ ला करणं आणि दिवसातून एकदा तपासणं हा सोपा उपाय.

ऑक्सिजनचंही असंच. ५ मिलिमोलर आर्सेनाइटला २.५ मिलिमोलर ऑक्सिजन लागतो आणि हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो जेमतेम ०.२५ मिलिमोलर विरघळतो. म्हणजे दहापट तूट. १०० मिलिलिटर माध्यमाला सुमारे ३० मिलिलिटर हवेतला ऑक्सिजन लागेल. काठोकाठ भरून बूच लावलेल्या बाटलीत दहा टक्क्यांवर गाडी अडते. अडीचशेच्या फ्लास्कमध्ये शंभर घाला आणि हलवत ठेवा.

आता खरी चाचणी. एकाच बॅचच्या माध्यमाचे ०, १, २.५ आणि ५ मिलिमोलर आर्सेनाइटचे फ्लास्क करा, प्रत्येकी तीन. त्याच जोडीला ५ मिलिमोलर आर्सेनेट घातलेला पण आर्सेनाइट नसलेला एक संच, आणि पेशी न घातलेला एक. सुरुवातीची लागण, म्हणजे जुन्या संवर्धनातून नव्यात घालायचा भाग, एक टक्का, आणि पहिल्या पिढीचा निकाल धरायचा नाही. एक टक्क्याने तीनदा पुढे नेलं की जुन्या माध्यमातला कार्बन दहा लाख पटीने पातळ होतो. ७.६ तासांचा दुपटीचा काळ धरला तर एकेका टप्प्याला सुमारे पन्नास तास लागतात, म्हणजे तीन टप्प्यांचा आठवडा. चौथ्या पिढीत पेशींची अंतिम संख्या आर्सेनाइटच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढली आणि शून्याच्या फ्लास्कमध्ये वाढच नसली, तर तो आर्सेनाइटवर जगतो आहे म्हणता येतं. शून्याच्या फ्लास्कमध्ये निम्म्या पेशी दिसल्या तर कुठून तरी कार्बन येतो आहे. जनुकसंचात कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या रुबिस्को एन्झाइमची जनुकं आहेत का तेही बघून ठेवा; ती नसताना फक्त बायकार्बोनेटवर वाढ दिसली तर आधी माध्यमावर संशय घ्या.

पेशी न घातलेला फ्लास्क टाळण्याचा मोह होतो, कारण हवेने आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण फार हळू होतं. ते खरं आहे, पण मँगेनीज ऑक्साइड असेल तर ते झपाट्याने होतं, आणि फेरिक लोहावर उजेड पडला की तेही हातभार लावतं. गाळ किंवा मातीपासून सुरू केलेल्या संवर्धनात दोन्ही असतात. तिथे मारलेल्या मातीचा कंट्रोल हवाच.

मोजणी, आणि ती कुठे फसवते

सिल्व्हर नायट्रेटची चाचणी स्वस्त आणि देखणी. १०० मायक्रोलिटर नमुन्यात तितकंच ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट. आर्सेनाइट असेल तर पिवळा, आर्सेनेट असेल तर तपकिरी साका. पण फॉस्फेटबरोबरही पिवळा साका येतो, अगदी तसाच. क्लोराइडबरोबर पांढरा दाट साका येतो आणि तो बाकी सगळं झाकतो. एलबीसारख्या नेहमीच्या सेंद्रिय माध्यमात मिठाचंच प्रमाण ८५ ते १७० मिलिमोलर असतं, तिथे ही चाचणी करूच नका. यीस्ट अर्क, पेप्टोन किंवा थायॉल (गंधकगट असलेली संयुगं) असतील तर सिल्व्हर स्वतःच काळवंडतं, आणि उजेडात आणखी लवकर. अर्ध्या तासाने ‘तपकिरी’ दिसलेली प्लेट म्हणजे आर्सेनेट असं मी तरी मानणार नाही. पाच मिनिटांच्या आत, मंद उजेडात, शेजारी शुद्ध आर्सेनाइट आणि शुद्ध आर्सेनेट त्याच माध्यमात ठेवून रंग वाचायचा.

यावर लोक फॉस्फेट कमी करतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतात. आर्सेनेट फॉस्फेटच्या दाराने पेशीत शिरतं. ५ मिलिमोलर आर्सेनेट तयार झालं आणि फॉस्फेट ०.१ मिलिमोलरच असेल, तर पेशी उपाशी राहून आर्सेनेटच ओढतात. चाचणी सुंदर, जिवाणू आजारी. वाढीसाठी फॉस्फेट एक मिलिमोलर ठेवा आणि मोजणीची पद्धत बदला.

कार्बनरहित माध्यमासाठी पोटॅशियम परमँगनेट चांगलं. नमुना आम्लधर्मी केला की परमँगनेटचे दोन रेणू आर्सेनाइटचे पाच रेणू संपवतात. एक मिलिलिटर नमुन्यात १० मिलिमोलर परमँगनेटचे ३० मायक्रोलिटर घातले आणि गुलाबी टिकला तर आर्सेनाइट ०.७५ मिलिमोलरच्या खाली आहे. आम्ल विसरलात तर मँगेनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो आणि हिशेबही बदलतो. सेंद्रिय माध्यमात परमँगनेट सगळंच खाऊन टाकतं, तिथे ते निरुपयोगी.

आकड्यात हवं असेल तर मॉलिब्डेनम ब्लू ही रंगाची पद्धत. आर्सेनेट आणि फॉस्फेट दोघंही निळा रंग देतात, आर्सेनाइट देत नाही. एकाच नमुन्याचे तीन भाग करायचे: जसाच्या तसा, ऑक्सिडीकरण केलेला आणि क्षपण केलेला. क्षपण केलेल्यात फक्त फॉस्फेट दिसतं, ऑक्सिडीकरण केलेल्यात फॉस्फेट आणि सगळं आर्सेनिक, जसाच्या तशात फॉस्फेट आणि आर्सेनेट. वजाबाकीने दोन्ही निघतात. फॉस्फेट जास्त असेल तर मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा होतो आणि उत्तर डळमळतं. आयसीपी-एमएस (अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) असेल तर ते उत्तम, पण वस्तुमान ७५ वर आरगॉन आणि क्लोरीनची जोडी आर्सेनिकचं सोंग घेते. क्लोराइड इथेही नडतं. आणि कोणतीही पद्धत वापरा, नमुना घेतल्या घेतल्या गाळून पेशी काढा. नाहीतर जिवाणू बाटलीत, फ्रिजमध्येही, थोडं थोडं काम करत राहतो.

एक गंमत उशिराच्या नमुन्यांत दिसते. संपलेलं आर्सेनाइट पुन्हा डोकं वर काढतं. चूक नसते ती. बहुतेक जिवाणूंकडे एआरएस-सी नावाचं दुसरं एन्झाइम पेशीच्या आत असतं. आत शिरलेल्या आर्सेनेटचं ते आर्सेनाइट करतं आणि पंपाने बाहेर फेकतं. एकाच पेशीत बाहेर ऑक्सिडीकरण, आत क्षपण. ऑक्सिजन कमी पडला की दुसरी बाजू जिंकते.

एन्झाइमची क्रिया मोजताना

प्रमाण पद्धत डीसीपीआयपी या निळ्या रंगाची. एक मिलिलिटर क्युवेटमध्ये ५० मिलिमोलर एमईएस बफर, पीएच ६, डीसीपीआयपी ६० मायक्रोमोलर, एन्झाइम. एक-दोन मिनिटं आर्सेनाइटशिवाय रेषा बघा, मग १०० मिलिमोलर आर्सेनाइटचे १० मायक्रोलिटर. रंग दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून आर्सेनाइटशी नातं एकास एक.

इथली सर्वांत मोठी चूक गुणांकाची, म्हणजे रंग किती उजेड शोषतो त्या आकड्याची. डीसीपीआयपीचा ६०० नॅनोमीटरवरचा, सर्रास वापरला जाणारा २१ प्रति मिलिमोलर-सेंटीमीटर हा गुणांक पीएच ७ चा आहे. या रंगाचा पीकेए ६ च्या थोडा खाली. आम्लात तो निळ्याचा लालसर होतो. पीएच ६ ला निळा भाग निम्म्याहून थोडा जास्त उरतो, ५.५ ला पाव भागाच्या आसपास. जुना गुणांक वापरलात तर क्रिया दुपटी-चौपटीने कमी दिसते, आणि पीएच बदलून काढलेला आलेख तर एन्झाइमचा न राहता रंगाचाच होतो. प्रत्येक पीएचला स्वतःचा गुणांक काढा, किंवा ५२२ नॅनोमीटरच्या आसपास मोजा, जिथे दोन्ही रूपं सारखंच शोषतात. संकेत कमी मिळतो, पण खोटा नसतो.

दुसरी चूक डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल, ही क्षपण करणारी थायॉल रसायनं. शुद्धीकरणाच्या बफरमध्ये सवयीने घातलेलं हे रसायन रंग स्वतःच उडवतं आणि शिवाय आर्सेनाइटला पकडून ठेवतं. आर्सेनाइटशिवायची ती दोन मिनिटं यासाठीच. अशुद्ध अर्कात उकळलेल्या नमुन्याचा कंट्रोलही लागतो.

आर्सेनाइटची तीव्रता किती घ्यायची ते केएमवर, म्हणजे एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं त्या तीव्रतेवर, ठरतं, आणि तो एन्झाइमागणिक बदलतो. अल्कॅलिजिनीसचा ८ मायक्रोमोलर, एनटी-२६ चा ६१. वर सांगितलेला एक मिलिमोलर दोघांनाही भरपूर होतो. पेशी मात्र आर्सेनाइटमध्येच वाढवलेल्या हव्यात. बऱ्याच जिवाणूंत एआयओ-एक्स हे प्रथिन पेरिप्लाझममध्ये आर्सेनाइट पकडतं, एआयओ-एसला कळवतं, ते एआयओ-आरला फॉस्फेट देतं आणि मग जनुक चालू होतं. आर्सेनाइटशिवाय वाढवलेल्या पेशींत एन्झाइम शोधणं म्हणजे दिवा न लावता बिल मोजणं.

ई. कोलायमध्ये हे एन्झाइम करता येतं, कारण मॉलिब्डॉप्टेरिनचा लागणारा प्रकार ई. कोलाय स्वतः बनवतो. घाई केली की बिघडतं. ३७ अंशांवर जोरात व्यक्त केलं तर प्रथिन ढिगाने मिळतं आणि धातू मागे राहतो. तापमान ३० किंवा कमी, जनुक चालू करणारं उत्तेजक कमी, माध्यमात सोडियम मॉलिब्डेट एक मिलिमोलरपर्यंत, लोह पुरेसं. शुद्ध केलेल्या द्रावणाला तपकिरीसर छटा असते. फिकट असेल तर लोह-गंधक पुंजके भरलेले नाहीत. मॉलिब्डेनम मोजून प्रत्येक एआयओ-एमागे किती बसलं ते काढा आणि क्रियेचा आकडा त्या प्रमाणात दुरुस्त करा. त्याशिवाय दोन उत्परिवर्तनांची तुलना करणं म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पोत्यांची तुलना.

नावांचा गोंधळ, आणि दुसरं एन्झाइम

जुने शोधनिबंध वाचताना नावांनी फसायला होतं. २०१२ मध्ये सगळ्यांना एकच ‘एआयओ’ नाव मिळालं. त्याआधी एओएक्स, एआरओ, एएसओ अशी तीन नावं चालत. एओएक्स पद्धतीत ए म्हणजे लहान उपघटक आणि बी म्हणजे मोठा. आताच्या नेमकं उलटं. एओएक्स-बीसाठी केलेले प्रायमर (जनुक शोधायचे डीएनएचे छोटे तुकडे) आजच्या एआयओ-एवर बसतात. एआरओ-ए या नावाचं तर शिकिमेट मार्गातलं (काही अमिनो आम्लं बनवणाऱ्या वाटेतलं) वेगळंच जनुक आहे, डेटाबेसमध्ये शोधलंत तर हजारो भलतेच क्रम हाती येतात.

आणि एआयओचे प्रायमर काहीच देत नसतील तरी जिवाणू आर्सेनाइटवर जगत असू शकतो. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला अल्कॅलिलिम्निकोला एहर्लिकाय ऑक्सिजनशिवाय, नायट्रेट वापरून आर्सेनाइटवर वाढतो. २००२ मध्ये त्याचं वर्णन झालं, पण त्यात एआयओ जनुक सापडेना. २०१० मध्ये कळलं की त्याचं एन्झाइम वेगळं आहे, एआरएक्स, आणि ते आर्सेनेटवर श्वसन करणाऱ्या क्षपण-एन्झाइमाच्या जवळच्या नात्यातलं आहे. क्रमावरून बघितलं तर तुम्ही त्याला रिडक्टेझच म्हणाल. काम मात्र उलटं. याचे इलेक्ट्रॉन पटलातल्या क्विनोन या वाहक रेणूकडे जातात. त्याच सरोवरातल्या पाओहा बेटावरच्या गरम झऱ्यांतल्या लाल थरांत, २००८ मध्ये, उजेडाच्या जोरावर ऑक्सिजनशिवाय आर्सेनाइट वापरणारे जिवाणू दिसले, तिथेही एआरएक्स. निर्वात बाटलीत नायट्रेटसह चाचणी करताना उरलेल्या नायट्राइटवर लक्ष ठेवा, ते साठून पेशींना मारतं आणि मोजणीतही लुडबुड करतं.

मोनो लेक म्हटलं की २०१० चाच दुसरा दावा आठवतो, डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरणाऱ्या जिवाणूचा. त्याचा या विषयाशी काही संबंध नाही, आणि तो २०१२ मध्ये इतर प्रयोगशाळांच्या तपासणीत टिकलाही नाही.

टाकाऊ द्रावणाचं

५ मिलिमोलर म्हणजे लिटरला ३७५ मिलिग्रॅम आर्सेनिक. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक फ्लास्क त्याच्या साडेसदतीस हजार पट. सिंकमध्ये ओतायचा प्रश्नच नाही. जस्त, बोरोहायड्राइड किंवा तसलं क्षपण करणारं काहीही आम्लधर्मी आर्सेनिकच्या कचऱ्यात पडू देऊ नका. आर्सिन हा वायू होतो आणि त्याचा वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. आधी उरलेलं आर्सेनाइट परमँगनेटने संपवा, मग फेरिक क्लोराइड घाला, आर्सेनिकच्या निदान चौपट मोल, पीएच ५-६ ला आणा आणि रात्रभर ठेवा. लोहाचा गाळ आर्सेनेटला घेऊन खाली बसतो. माध्यमात फॉस्फेट असेल तर लोह तेवढं वाढवा, कारण फॉस्फेट आधी जागा अडवतं. वरचं पाणी मोजून बघा, गाळ घातक कचऱ्याच्या डब्यात जातो आणि वरचं पाणीही, मोजणीत आर्सेनिक निघालं तर.